कापूस कोणी जाळला?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या गावाबाहेरच्या एका जिनिंगला आग लागली. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला यात नवल नाही. कापसातून एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, रोलरमध्ये सापडतो, ठिणगी उडते आणि बघता बघता गंजीच्या गंजी राख होतात. सुदैवाने कोणा माणसाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात मी व्याकरण शिकवत होते. उर्दू व्याकरणात 'फाइल' म्हणजे कर्ता आणि 'मफऊल' म्हणजे कर्म. सगळ्यांच्या मनात आगच होती, म्हणून फळ्यावर वाक्य लिहिले: 'आग ने रुई जलाई'. फाइल कोण? सगळा वर्ग ओरडला, "आग!" एक मुलगा तेवढा गप्प होता. त्याचे अब्बा त्याच जिनिंगमध्ये हमाली करतात. तो उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, आग फाइल कैसे? उसको क्या मालूम रुई क्या होती. जिसने पत्थर नहीं चुना, फाइल तो वो हुआ."

मी त्याला व्याकरणाचे उत्तर दिले. वाक्यात क्रिया ज्याच्या नावावर आहे तो फाइल, मग त्याला समज असो वा नसो. वर्ग पुढे गेला. परंतु घरी आल्यावर ते उत्तर मलाच पटेना. कारण त्या मुलाला ठाऊक नव्हते, पण नऊशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि उदाहरणही तेच होते: कापूस आणि आग.

इमाम अबू हामिद गझाली (1058-1111) बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत असताना त्यांनी 1095 साली 'तहाफुतुल फलासिफा' हा ग्रंथ पूर्ण केला. तत्त्वज्ञांच्या वीस मतांची त्यात उलटतपासणी आहे. फाराबी आणि इब्न सीना यांच्या वाटेने जाणारे तत्त्वज्ञ म्हणत की सूर्यापासून जसा प्रकाश आपोआप पसरतो, तसे ईश्वरापासून जग निर्माण होते. गझालींचा आक्षेप असा, की मग त्याला 'फाइल' तरी का म्हणता? फाइल म्हणजे जो इच्छेने, निवड करून आणि आपण काय करतो आहोत हे जाणून काम करतो तो. दिवा उजेड देतो, आग जाळते, हे सगळे 'मजाज', म्हणजे बोलण्याची रीत. यावर त्यांनी दिलेला दाखला फार नेमका आहे. समजा एकाने दुसऱ्याला आगीत ढकलले आणि तो मेला. खून कोणी केला? आगीने, असे कोणताही काझी म्हणणार नाही. मृत्यू घडवण्यात आगीचा हात अधिक जवळचा, तरीही गुन्हेगार ढकलणाराच. याच ग्रंथाच्या सतराव्या चर्चेत कापूस येतो. आगीचा आणि कापसाचा स्पर्श झाला की कापूस जळतो, हे आपण पाहतो; पण आपण फक्त एकापाठोपाठ दुसरे पाहतो, आगीने 'केले' असे काही पाहत नाही. ती तर निर्जीव आहे.

पंच्याऐंशी वर्षांनी, 1180 च्या सुमारास, अंदलुसमधून उत्तर आले. इब्न रुश्द (1126-1198) सेव्हिल आणि कुर्तुबा येथे काझी होते, वैद्य होते, आणि त्यांनी 'तहाफुतुत तहाफुत' लिहून गझालींचा ग्रंथ परिच्छेदागणिक खोडायला घेतला. त्यांचे म्हणणे, आग खरोखरच जाळते. हे नाकारले तर ज्ञान म्हणून काही उरणार नाही. मात्र कर्त्यांचे प्रकार दोन. एक नैसर्गिक, जो आपल्या स्वभावाने एकच गोष्ट करतो: उष्णता उष्णच करणार, थंडी थंडच. दुसरा असा की जो आज एक गोष्ट करू शकतो आणि उद्या तिच्या उलट. त्याला जाणून, विचार करून वागावे लागते.

हा वाद 'धर्म विरुद्ध विज्ञान' म्हणून सांगण्याची आपल्याकडे एक सवय पडली आहे. गझाली जिंकले आणि मुसलमानांचे विज्ञान संपले, असे एका वाक्यात इतिहास आटोपणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली. मला ती सवय आळशीपणाची वाटते. 'फाइल'च्या चर्चेत दोघेही एकच गोष्ट शोधत होते: एखाद्या घटनेमागे नुसते बळ आहे, की हेतू आहे, हे ओळखायचे कसे? आपल्या भारतीय व्याकरणकारांनाही हा प्रश्न सुटला नव्हता. पाणिनीने कर्त्याची ओळख 'स्वतंत्र' या शब्दाने करून दिली; आणि त्याच परंपरेतल्या पंडितांनी हेही मान्य केले की बोलणाऱ्याच्या मनात असेल तर 'भांडे शिजवते' असेही म्हणता येते. म्हणजे भाषा उदार आहे, ती कोणालाही कर्ता करते. म्हणूनच भाषेवर विसंबून चालत नाही.

आगीचे प्रकरण सोपे आहे. तिला कापसाची ओढ नाही, ती समोर येईल ते खाते. अवघड प्रकरणे आग आणि माणूस यांच्या मधली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने 1890 च्या आपल्या ग्रंथात एक तुलना केली आहे. लोखंडाचा कीस लोहचुंबकाकडे ओढला जातो. मध्ये एक पुठ्ठा धरा, कीस पुठ्ठ्याला चिकटून बसेल. वळसा घालून जायचे त्याला कधीच सुचणार नाही. रोमिओ आणि ज्युलिएट यांच्यामध्ये मात्र भिंत आली, तर ते भिंतीला चेहरा लावून उभे राहत नाहीत. रोमिओ भिंतीवरून येईल, मागून येईल, काहीही करील. आपण रोमिओच्या जागी मजनू म्हणू. मजनूचे ठिकाण ठरलेले, वाट ठरलेली नाही. किसाची वाट ठरलेली, आणि ठिकाण म्हणाल तर त्याला ते नाहीच. पुठ्ठ्यापाशी तो सुखाने थांबला आहे. एखाद्या गोष्टीला ध्येय आहे असे केव्हा म्हणावे, याची इतकी चांगली कसोटी मला दुसरीकडे मिळाली नाही. वाट अडवा आणि बघा.

या कसोटीला यंत्रे बसतात का? इथे पुन्हा बगदाद येते. नवव्या शतकाच्या मध्यावर, 850 च्या सुमारास, मुहम्मद, अहमद आणि हसन या तीन भावांनी, म्हणजे बनू मूसांनी, 'किताबुल हियल' लिहिली. तीत शंभराच्या आसपास युक्तीची यंत्रे आहेत. पातळी खाली गेली की तरंगता गोळा खाली येतो, झडप उघडते, पाणी येते. पातळी भरली की झडप आपोआप मिटते. आज आपल्या गच्चीवरच्या टाकीत जो बॉल व्हॉल्व्ह असतो, तोच हा प्रकार. अशा तरंगत्या गोळ्याची युक्ती त्याआधी अलेक्झांड्रियाच्या ग्रीक कारागिरांनाही माहीत होती, आणि 1206 साली अल-जझरी यांनी आपल्या ग्रंथात पाण्यावर चालणारी घड्याळे रचली तीही अशाच युक्त्यांवर. पुढे 1788 मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला; वेग वाढला की वाफ कमी, वेग घटला की वाफ जास्त.

टाकीतला हा गोळा आगीसारखा नाही. तुम्ही बादलीभर पाणी काढा, तो ते भरून काढतो. नळ उघडा ठेवा, तो भरतच राहतो. जणू त्याला टाकी भरलेली 'हवी' आहे. इब्न रुश्द यांची कसोटी लावली तर आणखीच गंमत होते: हा एकच गोळा उघडतोही आणि मिटतोही, दोन्ही उलट कामे करतो! पण पाण्याची पातळी सांगेल तेवढेच. त्याच पातळीला आज उघडू आणि उद्या मिटू, असे त्याला कधी ठरवता येत नाही. शिवाय येणारा पाइप फुटला तर तो शेजाऱ्याकडून पाणी मागत नाही. तो मजनू नव्हे. किसापेक्षा मात्र पुढचा आहे, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न अचानक जीवन-मरणाचा झाला. विमान पळते, वळते. त्याच्यावर तोफ डागायची तर ते पुढच्या काही सेकंदांनी कुठे असेल याचा अंदाज यंत्राने घ्यायचा आणि चूक झाली की दुरुस्त करायची. या कामात गुंतलेले गणिती नॉर्बर्ट वीनर, अभियंता ज्युलियन बिगेलो आणि मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी 1943 साली मिळून एक छोटा निबंध लिहिला. हेतू म्हणजे आत्म्याचे काही गूढ नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जे यंत्र ठिकाणापासून आपण किती दूर आहोत हे सतत मोजते आणि ते अंतर कमी होईल अशी आपली हालचाल बदलते, त्याला हेतू आहे असे म्हणायला हरकत नाही. एका फटक्यात मांजर, माणूस आणि तोफ एका रांगेत बसले. 1948 मध्ये वीनर यांनी याच विचारांवर 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक लिहिले आणि आजच्या यंत्रयुगाचा एक मोठा पाया घातला गेला.

परंतु या व्याख्येत एक भोक आहे, आणि ते मला गझालींच्या ढकलणाऱ्या माणसामुळे दिसले. तोफ विमानाचा पाठलाग करते हे खरे. विमान पाडायचे कोणी ठरवले? यंत्राला ध्येय आहे का, हा एक प्रश्न. ते ध्येय कोणाचे, हा दुसरा. पहिल्याचे 'होय' असे उत्तर आले की लोक दुसराही सुटला असे समजतात.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचे काम आपल्या फिकहकारांनी फार पूर्वी केले आहे, तेही एका कुत्र्याच्या निमित्ताने. बुरहानुद्दीन मरगीनानी (मृत्यू 1197) यांची 'हिदाया' आपल्याकडच्या जुन्या मौलवींना तोंडपाठ असे; कंपनी सरकारच्या न्यायालयांसाठी चार्ल्स हॅमिल्टनने 1791 मध्ये तिचे इंग्रजी केले. तिच्यात शिकारीचे प्रकरण आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेले जनावर हलाल केव्हा? मालकाने अल्लाहचे नाव घेऊन त्याला सोडले असेल तेव्हा. कुत्रा स्वतःहून सुटून ससा धरून आणील तर ती गोष्ट निराळी. आणि कुत्रा शिकलेला आहे हे कसे ओळखायचे? तो धरलेली शिकार खात नाही यावरून. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणतात, तीनदा न खाता सोडली पाहिजे; इमाम अबू हनीफा आकडा ठरवत नाहीत, ते जाणकार शिकाऱ्यावर सोपवतात. शिकारी बहिरी ससाण्याची कसोटी वेगळी: बोलावल्यावर परत येतो की नाही. आणि कुत्र्याने शिकारीतले खाल्ले तर? हनफी मत असे, की मग त्याने ती मालकासाठी नव्हे, स्वतःसाठी धरली; ती खायची नाही. इमाम मालिक मात्र इथे सवलत देतात.

किती बारकाईने पाहिले आहे पहा. कुत्र्याला ध्येय आहे याविषयी कोणाला शंका नाही. ससा उजवीकडे वळला तर तो उजवीकडे वळेल, झुडपात शिरला तर वळसा घालील. जेम्सची कसोटी तो सहज पार करतो. तरीही ते थांबत नाहीत. हे ध्येय त्याचे की सोडणाऱ्याचे, हे त्याच्या पोटात शिरून नव्हे तर वागण्यावरून ठरवतात: संधी असताना खाल्ले की राखले. आणि एवढे करूनही जबाबदारी सोडणाऱ्यावर. कुत्र्याला 'नियत' विचारत नाहीत.

आता बगदाद आणि बुखाऱ्याकडचा हा प्रश्न मला आमच्या वर्ध्यात आणायचा आहे, कारण तो इथे खरोखर आला होता, मुलांच्या संदर्भात. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षे सक्तीचे, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती उभे केलेले शिक्षण, अशी ती कल्पना. मुलांच्या हाती टकळी द्यायची; सूत निघेल, आणि त्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघेल, शाळा स्वावलंबी होईल, अशी गांधीजींची अपेक्षा. योजना आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसैन. पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झाले तेच. वय तेव्हा चाळीस, बर्लिनची डॉक्टरेट, आणि पगारात कपात करून जामिया जगवण्याचा दहा वर्षांचा अनुभव.

'वर्धा योजना' म्हटले की आपल्या समाजात अजूनही तेव्हाच्या राजकारणाच्या आठवणी निघतात. मुस्लिम लीगने तिच्यावर काय टीका केली, मध्य प्रांतातल्या विद्यामंदिरांच्या नावावरून काय वादळ झाले. तो स्वतंत्र विषय आहे. मला सांगायची आहे ती गोष्ट त्या गोंगाटात हरवली. भर परिषदेत, गांधीजींच्या समोर, झाकिरसाहेबांनी इशारा दिला होता की स्वावलंबनावर फार भर देणे धोक्याचे आहे. शिक्षक मुलांचे मुकादम होतील, गरिबांच्या पोरांचे श्रम पिळतील, आणि तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. डिसेंबर 1937 मध्ये समितीने दिलेल्या अहवालातही हा धोका नोंदवलेला आहे. ज्यांनी योजना लिहिली, त्यांनीच हे म्हणावे, याला मी फार मोठे धैर्य समजते.

याच्या मुळाशी त्यांचा एक विचार होता, जो ते पुढे आयुष्यभर मांडत राहिले. हाताने केलेले प्रत्येक काम शिक्षण नसते. आधी मनाने काम ठरवावे, साधने निवडावी, मग हात चालवावा आणि शेवटी जे झाले ते ठरवल्याप्रमाणे झाले का हे स्वतःच कठोरपणे तपासावे. असे काम माणसाला घडवते. यातले शेवटचे पाऊल, ठिकाण आणि आपण यांतले अंतर मोजण्याचे, वीनर यांच्या यंत्रातही आहे. पहिले पाऊल त्यात नाही. दोन मुले शेजारी बसून टकळी फिरवतात. दोघांचे सूत सारखे, तुटले की दोघेही सांधतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही उद्दिष्टाकडे जाणारे. पण एकाला रुमाल करायचा आहे आणि दुसऱ्याला तास भरायचा आहे. दुसरा मुलगा म्हणजे मुकादमाने सोडलेला, शिकार न खाणारा कुत्रा. बी.एड.ला असताना मी नई तालीमवर सोळा गुणांचे उत्तर पाठ केले होते. त्यात हे नव्हते.

आजचे संगणक या दोन मुलांच्या मधोमध कुठेतरी येऊन बसले आहेत. त्यांना आता पायरीपायरीने हुकूम द्यावे लागत नाहीत. गुण द्यायचे, जास्त गुण मिळतील ते ते शिकत जातात. 2016 साली ओपनएआय या अमेरिकन संस्थेने एका कार्यक्रमाला नौकांच्या शर्यतीचा खेळ असाच शिकवला. गुण शर्यत पूर्ण करण्यावर नव्हते, वाटेतली निशाणे टिपण्यावर होते. त्या कार्यक्रमाने शर्यत सोडून दिली आणि एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, दुसऱ्या नौकांवर आपटत, पेट घेत, तीच तीच निशाणे टिपत राहिला. माणसांपेक्षा जास्त गुण मिळवले. ऐकताना वाटते, कुत्र्याने शिकार खाल्ली! पण तसे नाही. त्याला स्वतःची भूक नव्हती. ज्यांनी गुण वाटले त्यांनीच शर्यतीऐवजी निशाणे मागितली होती. अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट (मृत्यू 2024) म्हणत, एखाद्याला इच्छा आणि समजुती आहेत असे धरून चालल्याने त्याचे वागणे नीट सांगता येत असेल, तर त्याला खुशाल तसे माना. कामचलाऊ म्हणून मला ते मान्य आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला 'तो वजीर वाचवतोय' असेच आपण म्हणतो आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते कचेरीत.

कारण जिनिंगची गोष्ट सांगणारा तोच मुलगा शिष्यवृत्तीच्या यादीतून गळला. एका कागदावर त्याच्या नावाआधी पूर्ण 'मोहम्मद' आहे, दुसऱ्यावर 'मो.' आहे, आणि तिसऱ्यावर इंग्रजीत एक अक्षर वेगळे. आपल्या घराघरांतली ही कथा आहे. मी कागद घेऊन एका कचेरीत गेले. खिडकीतल्या भाऊंनी सभ्यपणे सांगितले, "मॅडम, सिस्टीम घेत नाही." कोणी नाकारले? "सिस्टीमने." पुन्हा भरून पाहिले. सिस्टीमने घेतले नाही.

मला एकदम फळा आठवला. 'सिस्टीमने नाव काढले': फाइल, सिस्टीम. व्याकरणदृष्ट्या अगदी निर्दोष. परंतु ती सिस्टीम त्या मुलाला ओळखत नाही, त्याला वगळावे असे तिला वाटत नाही, आणि वाट अडली म्हणून दुसऱ्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्नही ती करत नाही. मजनू सोडा, ती गच्चीवरच्या गोळ्याइतकीही खटपट करत नाही. ती पुठ्ठ्याला चिकटलेला कीस आहे. नावाचे प्रत्येक अक्षर जुळलेच पाहिजे, हे कुठल्यातरी खोलीत कुठल्यातरी माणसाने ठरवले. त्याच्या मनात वाईट नसेलही. खडा न वेचणाऱ्याच्या मनातही वाईट नव्हते. फिकहमध्ये जाणून केलेला खून आणि चुकून झालेला खून यांत फरक आहे. पण चुकून झालेल्याचाही कोणीतरी धनी असतो, त्याला भरपाई द्यावी लागते. 'तलवारीने केले' असे तिथे लिहून घेत नाहीत.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. त्यात एवढेच विचारले, की नाव जुळवण्याचा हा नियम कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने लागू झाला आणि फरक आढळल्यास निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे. मुलाच्या अब्बांनी खाली सही केली. त्यांना लिहिता येते ते फक्त उर्दूत. ती सही चालेल का, असे त्यांनी मला दोनदा विचारले. आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला आहे. उत्तर आलेले नाही. येत्या सोमवारी दुसऱ्या सुटीनंतर मला दोन तास मोकळे आहेत, तेव्हा पुन्हा जाऊन येईन.